वेशीवरचा दगड वाचायचा कसा: वीरगळ, गधेगळ आणि शकाचं गणित

मारुतीच्या देवळामागे, पडक्या शिवमंदिराच्या आवारात, तळ्याच्या बांधावर किंवा वेशीबाहेर कडुनिंबाखाली मातीत अर्धा रुतलेला कोरीव दगड महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत सापडतो. गाव त्याला वीर म्हणतं, म्हसोबा म्हणतं, शेंदूर फासतं, नाहीतर सरळ त्यावर धुणं आपटतं. शिलाहार आणि यादव राजे ताम्रपटांतून, प्रशस्त्यांतून आपल्याला कळतात. त्यांच्या अमलात गुरं सोडवताना पडलेला माणूस मात्र या दगडाखेरीज कुठेच उरलेला नसतो. असा दगड न दुखावता पाहायचा कसा, मोजायचा कसा आणि त्यावरची तारीख पडताळायची कशी, ते पुढे क्रमाने दिलं आहे. हे काम करायला पदवी लागत नाही. क्रम मात्र पाळावाच लागतो, कारण या दगडांचं बरंचसं नुकसान उत्साही माणसांच्याच हातून होतं.

निघण्यापूर्वी

आपल्याला 'सापडलेला' लेख शंभर वर्षांपूर्वीच छापलेला असू शकतो. त्यामुळे आधी जुनी जिल्हा गॅझेटिअर चाळा आणि शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहात गावाचं नाव आहे का ते बघा. गावाची जुनी नावंही शोधून ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी स्पेलिंगमुळे गाव हाताशी असून नजरेतून सुटतं.

स्थळ संरक्षित असेल तर तिथे केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा फलक असतो. अशा ठिकाणी फोटोपलीकडे काहीही करायचं तर लेखी परवानगी घ्या. फलक नसला तरी सरपंच, पुजारी आणि ज्यांच्या जागेत दगड आहे ते घर, या तिघांना आधी सांगा. हातात बॅटरी घेऊन दगडाभोवती घुटमळणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल गावात एकच समज होतो, तो म्हणजे हा गुप्तधन शोधायला आलाय. या समजापायी किती दगड मुळासकट उखडले गेलेत याला गणती नाही. वीरगळाखाली, म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या स्मारकशिळेखाली, धन पुरलेलं नसतं. हे गावकऱ्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून टाका.

सामान थोडंच लागतं: पाच मीटरचा टेप, वही आणि पेन्सिल (पावसाळी दमट हवेत पेनाची शाई पसरते), दूरवर झोत टाकणारी बॅटरी, वीतभर आरसा, फवाऱ्याची बाटली, मऊ केसांचा ब्रश, बांबूची चपटी काडी आणि दर सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा असलेली १० सेंमीची कागदी मोजपट्टी. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, साबण, खडू, पीठ, रांगोळी यांतलं काहीही सोबत घेऊ नका. खडूने अक्षरं भरली की फोटोत ती ठसठशीत उमटतात, पण त्या फोटोत दिसतो तो भरणाऱ्याचा अंदाज. पुढच्या वाचकाला मूळ खोदकाम दिसतच नाही.

दगड कसला आहे

वीरगळ हा शब्द कन्नड 'वीरगल्लु'शी नातं सांगतो. कल्लु म्हणजे दगड. साधारणपणे त्यावर एकावर एक तीन किंवा चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. सर्वांत खाली आडवा पडलेला वीर, किंवा लढाई आणि मृत्यू एकाच चौकटीत. त्यावर लढाईचा मुख्य प्रसंग. त्यावर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, बहुतेकदा शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो.

लढाईच्या चौकटीजवळ वेळ द्या, खरी माहिती तिथेच असते. गाई कोरल्या असतील तर गोधन पळवलं जात असताना हा माणूस पडला. वाघ किंवा रानडुक्कर असेल तर तो त्या जनावराशी झुंजताना गेला. घोडेस्वार आणि हत्ती दिसले तर प्रसंग राजसैन्यांच्या झुंजीचा असण्याची शक्यता वाढते. ढाल-तलवार आहे की धनुष्य, केस अंबाड्यात बांधलेत की मोकळे, समोर किती शत्रू आहेत, हे सगळं मोजून लिहा. 'युद्धप्रसंग' एवढाच शेरा असलेली नोंद पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.

नावा दिसल्या तर तुमच्या हाती फार दुर्मीळ दगड लागला आहे. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्यांवर नावा आहेत, ओळीने वल्ही आहेत, समुद्रावरची झुंज आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या राजप्रशस्तीत उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं वर्णन येतं. यादव महादेवाने त्याच्याविरुद्ध केलेल्या या मोहिमेशी, म्हणजे इ.स. १२६५ च्या सुमाराशी, बरेच अभ्यासक एकसरचे दगड जोडतात. काही जण त्यांना याहून जुन्या स्वारीचे मानतात. एका घराण्याचा शेवट दगडावर इतक्या तपशिलात कोरलेला असूनही हा वाद मिटत नाही, कारण नक्की नाव आणि शक सांगणारी अक्षरं तिथे हाती लागत नाहीत. आपल्या गावातल्या मुक्या दगडाबद्दल ठाम विधान करण्याआधी एकसर आठवावं.

सतीशिळा ओळखायला सोपी. कोपरात वाकवून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात हीच तिची खूण. कधी हा हात वीरगळाच्याच एका कडेला कोरलेला असतो. तेव्हा दोन वेगळ्या नोंदी करू नका, दगड एकच आहे.

गधेगळ हा वेगळाच प्रकार, आणि नोंदींमध्ये सर्वांत जास्त घोळ त्याचाच होतो. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश, मध्ये लेख किंवा रिकामी जागा, खाली गाढव आणि स्त्री यांचं समागमाचं शिल्प. हे स्मारक नव्हे, हे दानपत्र आहे. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, गाव किंवा उत्पन्न दान दिलं, ते जो मोडेल त्याच्या आईची अशी गत होवो, अशी ती दगडात कोरलेली शिवी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती कळावी म्हणून चित्र काढलेलं. लाजेपोटी गावकरी असे दगड पालथे घालतात किंवा पुरतात, म्हणून पायरीला नाहीतर ओट्याला लावलेल्या सपाट शिळेची खालची बाजू कशी आहे ते विचारून घ्या. उलटवायला मात्र जाऊ नका. पहारीच्या एका ठोशात बेसॉल्टचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर ओळ जाते.

उजेड आणि मोजमाप

दुपारी बाराच्या उन्हात अगदी खोल कोरलेली अक्षरंही सपाट दिसतात. दगडाला उजेड कडेने, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर यायला हवा. सकाळी किंवा संध्याकाळी जा. तेही जमत नसेल तर दगडावर सावली धरून आरशाने बाजूने ऊन पाडा. सर्वांत उत्तम म्हणजे अंधार पडल्यावर बॅटरी साधारण १०–१५ अंशांच्या कोनात धरणं. फोन तिपाईवर किंवा विटांवर एका जागी स्थिर ठेवा आणि उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा बदलत दर वेळी एक फोटो घ्या. उभ्या रेघा कडेच्या उजेडात उठून दिसतात आणि आडव्या रेघा वरच्या उजेडात. एकाच फोटोवर विसंबलात तर काना हरवतो, मात्रा हरवते, आणि ३ चा २ होतो.

आधी दूरचा फोटो घ्या, त्यात देऊळ किंवा झाड यावं. मग पूर्ण दगड, मग प्रत्येक चौकट, मग लेखाची प्रत्येक ओळ. मोजपट्टी दगडाच्या पातळीत टेकवा, पुढे-मागे झाली की मापं फसतात. कॅमेऱ्याचं भिंग दगडाच्या बरोबर समोर हवं. चारही बाजू बघा, कारण काही वीरगळ तिन्ही-चारही अंगांनी कोरलेले असतात आणि भिंतीला टेकलेली बाजू हमखास राहून जाते.

वहीत जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, प्रत्येक चौकटीची उंची, लेखाच्या ओळी, अक्षराची उंची, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश लिहा. दगड मूळ जागी आहे की हलवलेला, हेही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून टिपा. धरणात गेलेल्या किंवा नव्याने वसवलेल्या गावांत दगड गावाबरोबर प्रवास करतात. मूळ जागा कळली नाही तर बांधाच्या, वेशीच्या, जुन्या वाटेच्या खुणांशी त्याचा लागणारा संबंध तुटतो.

शेवाळ असेल तर पाणी फवारून दहा मिनिटं थांबा, मग मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने हलक्या हाताने काढा. न निघालं तर राहू द्या. शेंदराची पुटं खरवडू नका. ती पूजेची वस्तू आहे, आणि खरवडताना खालचा दगडही निघतो.

अक्षरं

महाराष्ट्रातले बहुसंख्य वीरगळ निरक्षर आहेत. कर्नाटकात लेख असलेले वीरगळ कितीतरी जास्त. म्हणून अक्षरं दिसली नाहीत तर ओढूनताणून शोधू नका, छिन्नीचे घाव 'श्री' वाटायला वेळ लागत नाही.

लेख असेल तर पहिल्या दिवशी वाचू नका, नकलून घ्या. ओळीगणिक आकडा घाला, दिसतं तसं चित्र काढा, तुटलेल्या अक्षरासाठी चौकोनी कंस ठेवा. यादव-शिलाहार काळातली देवनागरी ओळखीची वाटते, आणि त्या ओळखीमुळेच माणूस फसतो. एकारासाठी मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभी रेघ काढायची पद्धत होती, तिला पडिमात्रा म्हणतात. ती दंड किंवा मागच्या अक्षराचा काना समजली की 'ने' चा 'न' होतो आणि मागच्या शब्दाला नको असलेला आकार चिकटतो. 'ख'च्या जागी 'ष' लिहिलेला आढळतो. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलाहारकालीन मराठी लेखाची सुरुवात 'जगी सुष संतु' अशी आहे, तिथे 'सुष' म्हणजे सुख. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम शोधत बसू नका. पाथरवट समोरचं लिखाण बघून कोरत होता, आणि चुका त्यानेही केल्या आहेत.

तारखेची कसोटी

लेखात शक, संवत्सराचं नाव (साठ नावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव), महिना, तिथी आणि कधी वार असतो. हे सगळे एकमेकांचे साक्षीदार आहेत. एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळली नाही तर वाचन चुकलं, किंवा कोरणारा चुकला.

पहिली पायरी: शकात ७८ मिळवा. शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी म्हणजे १६७४, शिवराज्याभिषेक. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनात इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं आणि ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे १६३०, ही शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी. इथे ७८ मिळवणारा १६२९ वर जाऊन बसतो. परळचा गधेगळ आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावरच्या लेखात शके ११०८ आणि माघ महिना आहे, म्हणजे साल ११८७. पौष महिना दोन सालांच्या सीमेवर येतो, तिथे तिथी काढूनच ठरवावं.

दुसरी पायरी संवत्सराची, आणि बहुतेक हौशी वाचक ती गाळतात. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव १, विभव २, शुक्ल ३ असं करत क्षय ६०. बाकी शून्य आली तर क्षय. शके १५९६ मध्ये १२ मिळवून १६०८, बाकी ४८, आनंद संवत्सर. जुळलं. शके १५५१ ची बाकी ३, शुक्ल संवत्सर. तेही जुळलं. परळचे ११०८ घ्या: बाकी ४०, पराभव, आणि दगडावर पराभवच आहे. अक्षीचा शक ९३४ असा वाचतात. ९४६ ला ६० ने भागून बाकी ४६, परिधावी. लेखात 'प्रधावी' कोरलंय. त्या लेखाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद झाला आहे, पण ९३४ मानणाऱ्यांच्या बाजूने हा साक्षीदार उभा राहतो.

आता न जुळणारं उदाहरण. चाळीसगावजवळच्या पाटणचा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाविषयी आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो मठ, आणि त्याला मिळालेल्या उत्पन्नाचा तपशील मराठीत. दगडावर शके ११२८ आणि प्रभव संवत्सर. ११४० ला ६० ने भागलं तर बाकी शून्य, म्हणजे क्षय. प्रभव पुढच्या वर्षी येतो. म्हणूनच या लेखाचं साल कुठे १२०६ तर कुठे १२०७ छापलेलं दिसतं. संवत्सराचं नाव रोजच्या तोंडातलं असतं, शकाचा आकडा हिशेबाचा. एका वर्षाचा फरक आला तर चालू वर्ष लिहिलंय की सरलेलं, हे आधी बघा आणि संवत्सराकडे झुकतं माप द्या. फरक एकाहून जास्त आला तर आपलाच आकडा परत वाचा. जुने ३ आणि २, तसेच १ आणि ९ झिजल्यावर सारखे दिसतात.

आणखी एक सावधगिरी. १६७४ चा ६ जून किंवा १६३० चा १९ फेब्रुवारी हे दिनांक जुन्या ज्युलियन पंचांगाचे आहेत. सतराव्या शतकासाठी ग्रेगोरियन करताना १० दिवस पुढे जा. दोन संकेतस्थळांवर दोन तारखा दिसल्या तर भांडायच्या आधी हे तपासा.

निजामशाहीपासून पेशवाईपर्यंतच्या लेखांत सुहूर सन भेटतो, आणि तोही अरबी शब्दांत: इहिदे १, इसने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, दशकं अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन, शंभराला मया, हजाराला अलफ. एकं आधी, हजार शेवटी. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. महिना जानेवारी असेल तर १७६१, पानिपतचं साल. किल्ल्यांवरच्या फारसी लेखांत हिजरी सन असतो, तिथे ठरावीक आकडा मिळवून भागत नाही, कारण चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १००० हिजरी म्हणजे जवळपास १५९२. हा अंदाज आहे, नेमक्या दिवसासाठी कोष्टक घ्या.

ठसा

परवानगी असेल, दगड टणक असेल आणि त्याची पूजा होत नसेल, तरच ठसा घ्यावा. जाड पण ओला झाल्यावर न फाटणारा कागद घ्या. दगड धुऊन ओला ठेवा, भिजवलेला कागद मधोमध टेकवा आणि ताठ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकत जा. कागद अक्षराच्या खोबणीत बसला पाहिजे. बुडबुडा राहिला तर तिथे अक्षर उमटणार नाही. कागद फाटला तर ओल्या तुकड्याचं ठिगळ वरून ठोका. मग थांबा. पृष्ठभागाची ओली चकाकी गेली की काजळी आणि डिंकाच्या पाण्याची शाई कापडी बोळ्याला अगदी पुसट लावून हलकेच टिपा. घाई केली तर शाई कागद ओलांडून दगडावर जाते आणि तो डाग निघत नाही. उशीर केला तर वाळलेला कागद वाऱ्याने सुटतो. खोदीव अक्षरं पांढरी आणि भोवताल काळा दिसेल. फारसी लेखांची अक्षरं बहुधा उठावाची असतात, तिथे उलट होतं. ठसा सावलीत वाळवा, मागे गाव, तारीख, वरची बाजू लिहा आणि घडी न घालता गुंडाळा. पहिल्या वेळी हे काम जाणकाराच्या शेजारी उभं राहून शिका, वाचून येत नाही.

नंतर

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात द्या. नवा वाटणारा संस्कृत-मराठी लेख भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूर इथल्या शिलालेख शाखेला कळवता येतो, अरबी-फारसी असेल तर नागपूरच्या शाखेला. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं पुरावस्तू कायद्याखाली (१९७२) येतात, ती उचलून घरी नेणं किंवा विकणं हा विषयच नाही. पांढरीच्या टेकाडात, म्हणजे जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, दगडाशेजारी खापरं दिसली तर फोटो काढा आणि जागेवर ठेवा. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

वीरगळाला नाव चिकटवू नका. अमुक घराण्याचा मूळ पुरुष, तमुक लढाईतला सरदार, असा फलक लागला की दोन वर्षांत तोच इतिहास होतो. गावाची दंतकथा जरूर लिहून घ्या, पण वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या वयासह.

गावाला दगड उभे करायचे असतील तर सिमेंटच्या ओट्यात गाडू नका. सिमेंटमधून ओल आणि क्षार वर चढतात, तळची चौकट, म्हणजे नेमकी मृत्यूची, झडते, आणि पुढे दगड काढायचा झाला तर तो मोडूनच निघतो. खाली खडी आणि वाळूचा थर, बाजूने सुटे दगड दाबून आधार, माथ्यावर पत्र्याची लहान शेड, आणि पाणी वाहून जाईल असा उतार एवढं पुरतं. ऑइल पेंट लावायची सूचना कुणीतरी करेलच. तिला तिथल्या तिथे नकार द्या.